मोरपंखी साडी

औरंगपुरा, मंगळवार, दिवाळीच्या तोंडावर

दुकान बंद करून आलो, पण ती मोरपंखी साडी काही डोक्यातून जात नाही.

दुपारी चुलतभाऊ रामदादा वहिनींना घेऊन आला. चिकलठाण्याकडचं शेत विकल्यापासून त्याच्याकडं पैसा मावत नाही. वहिनींनी मोरपंखी साडी खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. दादा म्हणाला, "ठेव तिकडं. आणखी एक प्लॉट घ्यायचाय." वहिनींनी घडी घातली. मी मनातल्या मनात चरफडलो. याचा आधीचा प्लॉट मी पाहिलाय. तारेचं कुंपण, आत बाभळी. त्या पैशानं कुणाच्या हाताला काम नाही.

संध्याकाळी कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी कांताबाई आली. आजच बोनस झालेला. तीच साडी उचलून म्हणाली, "लई आवडली, द्या." दुकानाच्या ओट्यावर सकाळपासून रिकाम्या बसलेल्या शबानाखालांना फॉल-पिकोचं काम मिळालं. त्या खुशीत भाजीच्या गाड्याकडं गेल्या. मीही सगळ्यांना चहा सांगितला. कांताबाई घरी पोचायच्या आत तिचा बोनस गल्लीभर फिरला.

दादावर तरी राग कसा धरू? बापाची जमीन हातची गेली, म्हणून जिथं मिळंल तिथं जमीनच घेत सुटलाय. धास्ती आहे ती.

हे लिहीत होतो तेवढ्यात वहिनींचा फोन. दबक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, ती साडी ठेवा बरं का. माझे दुधाचे पैसे साठलेत. ह्यांना सांगू नका."

ती तर विकली गेलेली. तरी "ठेवतो," म्हणालो.