नागूदादाचं पितळी पान

पोशीर,
२७ जानेवारी १९७४

नागूदादा,

तू लढाईत कामी आलास त्याला दोन वर्षं झाली, तरी तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगायला मला तोंड नाही.

दसऱ्याला आयनं कोयता आणि नांगराबरोबर आपल्या दोघांची लढाईची पदकंही पूजेला मांडली. चिंचेनं घासताना तुझ्या फितीवरचं पितळी कमळाचं पान काढून तिनं माझ्या फितीला लावलं. म्हणाली, "त्याचं पेटीत पडून काय व्हायचं? तू घालशील तेवा चार लोक तरी बगतील."

काल कर्जतला झेंडावंदनाला ते पान लावूनच गेलो. एका म्हाताऱ्या सुभेदारानं पान पाहून विचारलं, "शौर्यासाठी वर तुमचं नाव गेलं होतं?" मी नाही म्हटलं. तो हळूच म्हणाला, "मग काढा. ज्याचं नाव गेलं त्यानंच हे लावायचं. सख्ख्या भावानंही नाही."

तिथंच काढलं. घरी येऊन आयला पहिल्यांदा खरं सांगितलं. ज्या जखमी जवानाला उचलायला तू मागं फिरलास आणि गेलास, तो मीच होतो.

वाटलं, आता ती माझं तोंडही बघणार नाही. तिनं पान पुन्हा तुझ्या फितीला लावलं आणि म्हणाली, "तुला पान कशाला रं? त्यानं घरी धाडलेला तूच हायस की."

मग माझ्या ताटात दोन भाकऱ्या वाढल्या. दुसरी तुझी होती, दादा. मी खाल्ली.

तुझ्या पाठीवरचा,
गजा