घरच्यासारखी

४ तारीख, सोमवार
घर मिळालं! दलाल नाही, मध्यस्थ नाही, थेट मालकाशी बोलणं. नवऱ्याला सोडून आलेली बाई म्हटल्यावर दलाल नाकं मुरडायचे. इथे काका-काकूंनी आधी चहा दिला, मग खोली दाखवली. वरच्या मजल्यावर, भिंतीत कपाट, खिडकीतून भरपूर उजेड. ते दोघं खाली राहतात. घरच्यासारखी राहा, एवढीच अट. दादाला कळवलं. त्याला सुटल्यासारखं झालं. सामान आजच नेणार ना, असं वहिनीने मागून विचारून घेतलं.

९ तारीख, शनिवार
चष्म्याच्या दुकानात हात बसतोय. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम माझं. घरी आले तर काकूंनी माझे कपडे धुऊन घड्या घातलेल्या. मी ओशाळले. लेकीचं करताना आई झिजते का, म्हणाल्या. कपाटात माझ्या मापाचे दुसरेही कपडे लावलेत. बेबीचे, त्यांच्या मुलीचे. ती कुठे असते विचारलं, तर काका म्हणाले, आजारी होती, आता बरी आहे.

१४ तारीख, गुरुवार
शेजारीण फाटकाशी भेटली. ‘बेबी, बाहेर पडायला लागलीस? छान झालं हो!’ मी बेबी नाही, भाडेकरू आहे, म्हटलं. तिने माझा हात थोपटला. काकूंनी तिला आधीच सांगून ठेवलंय, बेबीला हल्ली आपण भाडेकरू असल्याचा भास होतो.
बेबीला तिने कधी धड पाहिलेलंच नव्हतं.
दादाला फोन केला. म्हणाला, फुकट जीव लावणारी माणसं मिळालीत, जरा जमवून घे. तुझं कुठेच पटत नाही.

१८ तारीख, सोमवार
दुकानातून घरी पाठवलं. काका येऊन मालकांना भेटून गेले म्हणे. मालक हळू आवाजात बोलत होते, वेड्याशी बोलतात तसं. बॅग भरायला वर आले, तर मागून कडी लागली. फोन खाली राहिला.

गुरुवार असावा
दादा आला होता! खालून त्याचा आवाज — मी दार बडवलं, किंचाळले. काकू त्याला सांगत होत्या, असे झटके येतात, पण आम्ही सांभाळू, भाडंही नको. दादा म्हणाला, ‘तुमच्यासारखी माणसं कुठे मिळतात आजकाल!’
वर आलाच नाही. माझा सख्खा भाऊ. जिना चढला नाही.

—
आई म्हटल्याशिवाय पाणी नाही. काकू म्हटलं की पावलं परत जातात. मागच्या खेपेलाही तू अशीच हट्टाला पेटलीस, म्हणाल्या, अन्नपाणी सोडून गेलीस. या वेळी जाऊ देणार नाही.
बेबी मेली. याच खोलीत —

—
हाक गेली तोंडातून. नको नको म्हणताना गेली. दोघंही रडले. पाणी गोड लागलं. पुन्हा मारली, भांडंभर पाण्यासाठी.
विसरायच्या आत लिहून ठेवते. माझं नाव बेबी नाही. माझं नाव —