उलट्या पिळाच्या नऊ लडी

प्रिय डावरे,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील, ठाऊक आहे. पण तुला दुसऱ्या नावाने हाक मारायची सवय मला कधी लागलीच नाही, आणि आता नवीन काही शिकण्याएवढं त्राण अंगात उरलेलं नाही. दुकानाची दुपारची सुट्टी आहे. शटर अर्धं ओढलंय, मालक घरी जेवायला गेलेत आणि मी काउंटरवर बसून पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. चष्म्याचं दुकान म्हणजे तिन्ही भिंतींना आरसे. मान वर केली की तीन थकलेल्या बायका माझ्याकडे बघतात, म्हणून मान खाली घालूनच लिहिते.

मागच्या रविवारी फोन केला तेव्हा तुला सांगितलं, की आईचं हृदय आता कसंबसं चालतंय. डॉक्टर म्हणाले, दिवस मोजत बसू नका, पण कुणाला बोलवायचं असेल तर लांबणीवरही टाकू नका.  तू म्हणालीस, "जिने माझं सूत जाळलं तिच्या उशाशी मी कुठल्या तोंडाने येऊन बसू?" मी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यावर जे बोलायला हवं होतं ते मला फोनवर जमत नाही. पलीकडून तुझा श्वास ऐकू आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच चुरगळून फेकायची तुझी सवय मला माहीत आहे.

आधी घरची खबर देते. आई आता मागच्या खोलीत, खिडकीशी झोपते. लोकर पिंजायची फळी होती ना, तिथे तिची खाट लावली आहे. सकाळी तिला उठवून बसवायचं, पाठ पुसायची, औषधाच्या पाच गोळ्या पाच वेळा समजावून द्यायच्या, मग चार जिने उतरून दुकान. दुपारी शेजारच्या नर्सबाई तिच्याजवळ बसतात. निवृत्त झाल्या तरी हुकूम सोडायचा स्वभाव गेलेला नाही. कालच मला म्हणाल्या, "तुम्ही आडव्या पडलात तर मी दोघींना नाही हं उचलणार." मी हसले. खरं सांगू, आडवं पडायच्या कल्पनेने मला बरंच वाटलं. मला हल्ली इतका थकवा येतो, की जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबून मी भिंतीला टेकते आणि कुणी वरून येताना दिसलं की चप्पल नीट करत असल्याचं नाटक करते.

आता मुद्द्यावर येते. आईचा एक स्वेटर आहे, तू पाहिलेला नाहीस. राखाडी, बिनरंगाच्या लोकरीचा, पुढून उघडा, सहा बटणांचा. आठ वर्षं झाली, थंडी पडली की तोच तिच्या अंगावर असतो. बाकी कपाटात तिने स्वतः विणलेले डझनभर आहेत, एकाहून एक देखणे, पण त्यांना ती हात लावत नाही. तो स्वेटर धुवायला घेतला तर वाळेपर्यंत दर तासाला विचारते, झाला का, झाला का. तर मागच्या सोमवारी त्याचं उजवं कोपर गेलं. उठताना खाटेच्या कठड्याला घासून घासून विरलंच होतं, ते फाटलं आणि चार-पाच टाके खाली पळाले. आई लहान मुलीसारखी रडकुंडीला आली. मी म्हटलं, अगं कोपरच फाटलंय, तू नाही फाटलीस. उद्या शिवून देते.

शिवून कसलं देते! तुला आपल्या घरचा जोड आठवत असेल. दोन्ही टोकांचे पदर सुटे करायचे, एकमेकांत घालायचे, थुंकी लावायची आणि तळव्यात चोळून पीळ द्यायचा, की गाठ न मारता धागा एकजीव होतो. आई म्हणायची, गाठ मारते ती विणकरीण नव्हे. मी माझ्याच कातलेल्या राखाडी लोकरीचं टोक घेतलं, रंग अगदी मिळता होता. जोड घातला, चोळला, आणि ओढल्याबरोबर सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. मला वाटलं, हात थकलेत. चौथ्या वेळी नीट बघितलं तर मी पीळ देत होते तसा माझा धागा आवळत होता आणि स्वेटरचा धागा मोकळा होत होता. दोघं एकमेकांशी नांदायलाच तयार नव्हते.

नांदायला हा शब्द आईचाच. मी नऊ वर्षांची, तू सहाची. घरभर ओल्या लोकरीचा वास, बादल्यांत भिजत घातलेली गाठोडी, आणि आई आपल्या दोघींना खिडकीशी बसवून टकळी शिकवते आहे. माझी टकळी उजवीकडे फिरायची, तुझी डावीकडे. आई तुझ्या डाव्या मनगटाला रुमाल बांधून खुर्चीला अडकवायची. "उलट्या पिळाचं सूत दुसऱ्या सुताशी नांदत नाही गं, याचं पुढे काय करायचं?" असं वैतागून म्हणायची. तू रुमाल दातांनी सोडवायचीस. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, सुंभ जळेल पण या दोघींचा पीळ जायचा नाही. मी मात्र शहाणी मुलगी. सांगितलं तसं फिरवलं, आजतागायत फिरवते आहे.

दुसऱ्या दिवशी त्या स्वेटरचा वीतभर धागा मी पाकिटात घालून दुकानात आणला आणि काचा तपासायच्या भिंगाखाली धरला. मालक म्हणाले, "काय बाई, आता सुताचाही नंबर काढणार का?"  मी त्याच्या शेजारी माझा धागा ठेवला. माझे पेड एका बाजूला कललेले, त्याचे बरोब्बर दुसऱ्या बाजूला. आपल्या घरात असं सूत कातणारं एकच माणूस होतं. मला समोरच्या गिऱ्हाइकाला चष्मा घालून दाखवायचा होता, तो मी उलटा घातला.

संध्याकाळी घरी गेले आणि स्टूल लावून माळ्यावर चढले. मागे, जुन्या शिलाई मशीनच्या पेटीच्या आड, तुझी ती सुताची निळी कापडी पिशवी अजून आहे. रिकामी. व्यवस्थित चौपदरी घडी घातलेली, आणि घडीत तुझ्या नऊ लडींच्या नऊ चिठ्ठ्या, एक ते नऊ, तुझ्या त्या मागे झुकणाऱ्या अक्षरात. चिठ्ठ्या फेकवल्या नव्हत्या आईला. मी तिथेच स्टुलावर उभी राहिले, आणि एक हिवाळा मला आठवला.

तू गेल्यानंतरचा तिसरा हिवाळा. आई काहीतरी राखाडी विणत होती आणि सारखी चिडत होती. "ही लोकर शहाण्यासारखी वागत नाही, सुईच्या टोकावर फाटते," म्हणायची. मी विचारलं कुठली लोकर, तर म्हणाली, होती कुठलीतरी जुनी. दोनदा तिने पाठ अर्धी करून उसवली. मग एक दिवस मी कामावरून आले तर बघते, आईने धागा डाव्या हातात धरलेला. सत्तर वर्षांची बाई, बोटं पहिल्यांदाच सुई धरल्यासारखी अडखळत होती, जीभ दातांत, आणि एका ओळीला पाऊण तास. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाली, उजवा खांदा दुखतो. मी भोळी, तिला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. तो हिवाळाभर ती डाव्या हाताने विणायला शिकत होती, कारण तुझं सूत दुसऱ्या कुठल्या हाताला वळत नव्हतं. जिने तुझा डावा हात बांधला, तिने स्वतःचा डावा हात सत्तराव्या वर्षी शिकवला, आणि कुणाला कळू दिलं नाही. 

तिला मी काही विचारलं नाही. जुन्या गोष्टी काढायची आपल्या घरात पद्धत नाही. गुरुवारी मी माझ्याच सुताने, गाठी मारून, कोपर कसंबसं भरलं आणि स्वेटर तिच्या अंगावर चढवला. तिची नजर आता फार गेली आहे, पण बोटं शाबूत आहेत. तिने त्या ठिगळावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि म्हणाली, "हे तुझं आहे. तिचं नाही." अकरा वर्षांत तिच्या तोंडून तुझा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी तेव्हा नको ते बोलले. येईल कशाला ती?" एवढंच बोलून ती झोपली, की झोपल्यासारखं केलं, कोण जाणे. मी ठिगळ उसवून टाकलं.

आता माझं. ज्या सकाळी तू बॅग घेऊन गेलीस, आईच्या खाटेवर ती निळी पिशवी ठेवून, त्या सकाळी आई खरंच बोलली, "उलटं सूत. याचं काय होणार? शेगडीत घाल." तू घर सोडलंस त्या रागाने बोलली, आणि मला बोलली, तू जिना उतरली होतीस. मला घालवेना. दोन हिवाळे तू आईसाठी ते कातताना मी पाहिलं होतं. मी पिशवी माळ्यावर टाकली आणि तिला सांगितलं, घातलं. इथवर मी तशी भलीच होते. पण सहा महिन्यांनी तुझा फोन आला. तुझी नवी खोली, खोलीची मोठी खिडकी, कामावर पायी जाण्याचा रस्ता, सगळं तू भरभरून सांगत होतीस. मी नुकतीच दुकानातून येऊन बाबांचे पाय चेपून उठले होते. शेवटी तू भीत भीत विचारलंस, आईने माझं सूत विणलं का गं? आणि मी म्हटलं, "जाळलं. माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने." का म्हटलं? तू मोकळी होतीस आणि मी नव्हते, म्हणून. दुसरं काही कारण नाही, शोधून दमले. मला वाटलं चार दिवस रडशील. तू अकरा वर्षं आली नाहीस. बाबा गेले तेव्हाही नाही. आणि प्रत्येक वर्षी ते खरं सांगणं आदल्या वर्षीपेक्षा अवघड होत गेलं.

आईला पिशवी सापडली तेव्हाच कळलं असणार, की मी तिला खोटं सांगितलं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. तुला मी काय सांगितलं ते मात्र तिला माहीत नाही. ती समजते, तिचं ते एक बोलणं जिन्यात तुझ्या कानावर गेलं, म्हणून तू येत नाहीस. तू समजतेस, तिने तुझं सूत जाळलं. आणि दोघींच्या मधे मी, आई-बाबांची सेवा करणारी, सगळ्यांनी जिचं कौतुक करावं अशी थोरली. आईला मी आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. तुला आधी लिहिलं, कारण तिला सांगितल्यावर माझ्यात लिहायची ताकद उरेल असं वाटत नाही. मला माफ कर असं म्हणत नाही. ते तुझं तू, सवडीने, किंवा कधीच नाही.

एवढंच मागायला लिहिलं. स्वेटरच्या कोपराला अजून भोक आहे आणि आई तसाच घालून बसते, भोकावर हात ठेवून. मी टकळी उलटी फिरवूनही पाहिली गं, तीन दिवस पाहिली. सूत कसलं, चऱ्हाट निघालं. तिने बोटाने चाचपलं आणि मान हलवली. राखाडी लोकर धुऊन, पिंजून खिडकीत ठेवली आहे. तुझी जुनी टकळीही सापडली, तेलाने पुसून ठेवली आहे. काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस, माझ्याशी तर मुळीच नको. नुसती ये, तिच्या खाटेशी बस आणि फिरव. दोन हात सूत पुरेल.

तुझीच, आणि शिव्या खायला दारात उभी,
ताई