तीन टन गारवा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे कंबर परवानगी देईल तेवढंच; उरलेला नमस्कार मनातल्या मनात समजून घे). तुझी तब्येत बरी असेल. भावोजींच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायचं थांबलं असेल. इकडे सगळे ठीक आहेत, आणि 'ठीक' हा शब्द मी जपून वापरतो हे तुला माहीत आहे. दुकानदारांची वजनमापं तपासण्यात ज्याची अख्खी नोकरी गेली तो माणूस उगाच कमीजास्त बोलत नाही. आई गुडघे सोडून ठीक आहे. तुझी भावजय तीन आठवड्यांपासून माझ्याशी बोलत नाही, पण तीही ठीक आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "आई कशी आहे?" एवढं विचारून गप्प होतेस, मग मीही गप्प होतो, आणि दोघंही एकमेकांच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजलेली ऐकत बसतो. म्हणून हे पत्र.

विषय आईला तुझ्याकडे आणण्याचा आहे. तू दचकली असशील. मीही दचकलो होतो. झालं ते तुला नव्यानं सांगायला नको, पण एकदा लिहून टाकतो म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तू त्यांच्यासाठी खोली तयार केलीस, तिथं एसी बसवलास, गाडी पाठवलीस, आणि आईनं ती गाडी रिकामी परत पाठवली. बाबा त्याच उन्हाळ्यात गेले. एक गार खोली मिळाली असती तर बाबा आज असते, असं तू सगळ्यांच्या देखत बोललीस. आणि तुझ्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, असं आई सगळ्यांच्या देखत बोलली. त्यानंतर सहा उन्हाळे गेले. तू बोललीस त्यात तसूभर फरक केला नाहीस, तिनंही केला नाही. मी आपला तराजूच्या काट्यासारखा मध्ये उभा, दोन्हीकडून ओढला जाणारा.

तर मार्चमध्ये एके दिवशी आई चष्मा पुसता पुसता म्हणाली, "तिच्या घराची पायरी चढणार नाही असं म्हटलंय मी. तिला बघणार नाही असं कुठं म्हटलंय?" आणि चष्मा लावून पेपर वाचायला लागली. मी मात्र त्या वाक्याला धरून बसलो (नोकरीत असताना नियमातली पळवाट दुकानदार शोधायचे आणि मी ती बंद करायचो, स्वतः पळवाट शोधायची ही पहिलीच वेळ). विचार केला, घराची पायरी चढायची नाही ना, मग घरच बरोबर न्यायचं. गाडी तुझ्या अंगणात उभी करायची, आईनं गाडीत राहायचं आणि तू गाडीची पायरी चढायची. तुझ्यावर तर तसं काही बंधन नाही. ही युक्ती सुचली तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी त्याच आठवड्यात एक जुनी शाळेची बस विकत घेतली.

बस पिवळी आहे. मागं 'मुलं उतरत आहेत' असं अजून लिहिलेलं आहे; ते पुसू नका, असं आईनं सांगितलं. बाकं काढून तिथं आईचा पलंग, एक छोटा ओटा आणि मागच्या कोपऱ्यात संडास केला. फक्त खिडकीजवळचं एक बाक आईनं ठेवून घेतलं. बसच्या दाराच्या पायऱ्या मुलांच्या उड्यांसाठी केलेल्या, आईच्या गुडघ्यांसाठी नव्हे. म्हणून वेल्डरनं (आम्ही त्याला ठिणगी म्हणतो, स्वभावामुळे) लोखंडी फळीचा एक लांब उतार करून दिला. पहिल्यांदा त्यावरून चढताना आई मध्येच थांबली आणि ह्याला काय म्हणतात म्हणून विचारलं. उतार म्हणतात, मी म्हटलं. पायरी नाही ना म्हणत, तिनं विचारलं. नाही म्हणत, मी म्हटलं. ती मान डोलावून वर गेली. म्हातारपणी माणसं काहीबाही विचारतात, म्हणून मी सोडून दिलं.

मग डॉक्टरांनी घोडं अडवलं. एवढा लांबचा प्रवास पत्र्याच्या डब्यातून, तोही उन्हाचा, ह्या वयात चालणार नाही. गाडी गार पाहिजे, नाहीतर विसरा, असं त्यांनी सांगितलं. पावसाळ्यानंतर जाऊ, असं मी सुचवलं तर आई म्हणाली, पावसाळ्यानंतरचं मला कशाला सांगतोस. ते वाक्य ऐकल्यावर मी टपावर बसवायच्या एसीची चौकशी सुरू केली. इथून पुढं माझी जी भंबेरी उडाली ती मी तुला सगळी सांगणार आहे, कारण घरात ऐकायला कुणी उरलेलं नाही.

एसीच्या दुकानात एक गृहस्थ आहेत. बोलायला इतके सावकाश की त्यांचं नाव आम्ही थंडोबा ठेवलंय. त्यांनी फोनवर बसची लांबी विचारली, पत्रा विचारला, खिडक्या विचारल्या आणि निकाल दिला की दोन बसवा, मिळून तीन टन. ताई, मी वजनमापांचा माणूस. टन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं टनच उभा राहतो. तीन टन म्हणजे सिमेंटची साठ पोती, आणि ती माझ्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यावर, शाळेच्या बसच्या पत्र्यावर! मी रात्रभर पोती मोजली. सकाळी ठिणगीकडे गेलो आणि टप तीन टन पेलेल असा करून दे म्हटलं. टपावर हत्ती ठेवणार का, त्यानं विचारलं. एसी, मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, पण मी निवृत्त निरीक्षक, त्याचा तोलकाटाही एके काळी मीच तपासलेला. त्यानं आठ दिवस खपून टपावर जाड लोखंडाचा सांगाडा चढवला. बस आता कुठल्याही वादळात उडणार नाही.

सांगाडा झाल्यावर मी एसी आणायला गेलो, बरोबर चार हमाल घेऊन. थंडोबांनी एक खोकं पुढं केलं आणि त्यांच्या दुकानातल्या मुलीनं ते एकटीनं उचलून गाडीत ठेवलं. मी विचारलं, दीड टनाचा कुठंय? हाच, ते म्हणाले. मी आवाज चढवला. तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि (अतिशय सावकाश) समजावलं की हा टन वजनाचा नव्हे, गारव्याचा. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी उष्णता हे यंत्र दिवसभरात बाहेर टाकतं. म्हणजे शेवटी बर्फाचं वजनच ना, मी म्हटलं, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं. हो, ते म्हणाले, पण बर्फ टपावर ठेवायचा नसतो. चारही हमाल हसले. तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही ती त्या दिवसापासून. तिनं म्हणे मला सांगाड्याच्या पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. सांगितलंही असेल.

पुढचं थोडक्यात लिहितो (म्हणजे तसा प्रयत्न करतो). दोन्ही एसी ठिणगीच्या शेडमध्येच टपावर चढवले. बस शेडमध्ये आली तेव्हा तिचा टप मोकळा होता. आता तिच्यावर सांगाडा, सांगाड्यावर एसी, आणि शेडचं दार मात्र होतं तेवढंच. बस बाहेर निघेना. ठिणगी म्हणाला, दार तोडतो. मी म्हटलं, एसी काढ. काढले. बाहेर आल्यावर पुन्हा चढवले, तर ते वरच्या विजेच्या तारांना टेकायला आले. तेव्हा थंडोबा स्वतः येऊन बस बघून गेले. ते म्हणाले, उंच एसी परत द्या आणि एकच चपटा घ्या. पत्र्याखाली जाड थर्माकोलचं अस्तर लावा, पलंगापुढं पडदा टाका आणि आईंच्या भागापुरतं गार करा, सगळी बस कशाला? आईला किती गारवा लागतो हे मी कुणाला विचारलंच नव्हतं, बसला किती लागतो हेच विचारत फिरत होतो. चपटा आणला. पहिल्या दिवशी त्याचं पाणी बरोब्बर आईच्या उशीवर टपकलं. पुन्हा काढला, खालचं रबर बदललं, बस सपाट जमिनीवर उभी केली, टपकणं थांबलं. मग जनरेटर. तो चालू केला की ओट्यावरची पातेली आपल्या पायांनी चालत कडेपर्यंत जातात आणि माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

आणि ह्या जनरेटरमुळेच घडलं ते मला तुला सांगायचं आहे. काल दुपारी बस गल्लीत उभी करून, एसी लावून पहिल्यांदा आईला आत बसवलं. तुला माहीत आहे, एसी दिसला की ती पदर डोक्यावरून घेते आणि शाल मागते. मी शाल हातात घेऊनच उभा होतो. ती तिच्या बाकावर बसली, वरून गार हवा आली, आणि तिनं शाल मागितली नाही. मग हात वर करून त्या झरोक्यापाशी धरला आणि काहीतरी बोलली. जनरेटरमध्ये मला ऐकू आलं नाही. मी "काय?" म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा "काय?" म्हटलं. तेव्हा ती मोठ्यानं ओरडली, "ह्यांना असा गारवा मिळायला हवा होता!" नेमका त्याच क्षणी ठिणगीनं खाली जनरेटर बंद केला होता, त्यामुळे तिचं पुढचं वाक्य सगळ्या गल्लीनं ऐकलं. "मला वाटायचं, गार हवेनं त्यांचा खोकला वाढेल. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं रे." सहा उन्हाळे जे तिनं कुणाला सांगितलं नाही ते तिला ओरडून सांगावं लागलं. ठिणगी हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिला. मला रडू आलं, ताई. मी रबर तपासायचं निमित्त करून तोंड वर केलं.

असो. बस तयार आहे. पुढच्या आठवड्यात निघावं म्हणतो. तुझी भावजयही येते आहे (हे तिनं आईला सांगितलं, आईनं मला). भावोजींना नमस्कार. स्वतःला जप, गुडघ्यांना तेल लाव; आईचे गुडघे तुझ्याकडे आले असणार.

तुझा,
धाकटा

ता. क. – मुख्य काम राहिलंच. तुझ्या फाटकावर ती लोखंडी कमान आहे ना, तिची जमिनीपासूनची उंची मोजून ताबडतोब कळव. बस आता सांगाडा आणि एसी धरून चांगलीच उंच झाली आहे. कमानीतून आत आली नाही तर सगळ्या युक्तीवर पाणी पडेल. भावोजींना मोजायला लावू नकोस, ते अंदाज करतात.

ता. क. २ – कमान मोजू नकोस. वरचं सगळं आईला वाचून दाखवलं (तिनं मागितलं, मी नाही कसं म्हणणार). बस तुझ्या फाटकाबाहेर रस्त्यावरच उभी करायची, मी चालत आत येईन, असं म्हणते. आधी मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जनरेटर बंद होता, तरी दोनदा विचारून घेतलं. तुझ्या दारापुढची ती एक पायरी तेवढी काढून टाक आणि तिथं उतार करून घे. उताराला पायरी म्हणत नाहीत, हे तिनं माझ्याकडून केव्हाच वदवून घेतलंय. चढ फार ठेवू नकोस.

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार तेवढ्यात आईनं पुन्हा हाक मारली. बाबांसाठी तू केलेली ती खोली अजून आहे का, असं विचारते. असली तर तिथंच झोपेन म्हणते. मग ह्या बसचं, तिच्या पलंगाचं आणि तीन टनांच्या सांगाड्याचं काय करायचं हे मी तिला विचारलं नाही, तूही विचारू नकोस. खोली उघडून ठेव आणि तिथला एसी चालवून बघ. इतक्या वर्षांत बंद पडला असेल तर काळजी करू नकोस, टपावरचा काढून आणून बसवतो. फार जड नाही, मी स्वतः तोलून बघितलाय.