गॅसवर गेलेल्या भट्टीबाबत माझे शेवटचे म्हणणे

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा धुरावर मांस शिजवून विकण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मुलाचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही. गेल्या वर्षीचे मृत्युपत्र, ज्यात माझी भट्टी कापून भंगारात घालावी असे म्हटले होते, ते मी रद्द करतो. का, ते कलम चारमध्ये येईल. तोवर वाचणाऱ्याने दम धरावा.

१. राहते घर, म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर, मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. मुलगी दर आठवड्याला येते, माझे कपडे धुते आणि तोंड उघडले की भावाची बाजू घेते. तरीही तिला अर्धे.

२. सुऱ्या मुलीला. धार तिच्याच हाताला कळते. मोठी सुरी मेहुण्याकडे आहे. नऊ वर्षांपूर्वी एका दिवसासाठी म्हणून नेली होती. ती मी त्यालाच देतो, म्हणजे निदान माझ्या सहीने त्याच्याकडे राहील.

३. उरलेली चार पोती कोळसा कोळसेवाल्याला परत करावा. पोत्याच्या तळाशी तो मला जन्मभर ओला माल घालत आला. आता त्याने स्वतः पेटवून बघावा.

४. भट्टी. ही मी आणि वेल्डरने मिळून पाण्याच्या जुन्या लोखंडी टाकीतून बनवली. तिच्यात मेंढीचा खांदा शिजायला बारा तास लागतात. आच मंद आणि एकसारखी राहायला हवी, त्यासाठी दर पाऊण तासाला कोळसा घालायचा, खालची झडप बोटभर उघडायची, मिटायची. माणसाला जागचे हलता येत नाही. मी हललो नाही, आणि त्याचा मला मोठा तोरा होता. बायको म्हणायची, गॅस लावून घ्या, वर लोखंडी तव्यात लाकडाचे तुकडे ठेवा, धूर तोच येईल आणि तुम्ही घरात याल. मी म्हणायचो, गॅसवर चहा करतात.

ती आजारी पडली तेव्हा तिची खाट स्वयंपाकघरात हलवली, मागच्या दारातून मी दिसावा म्हणून. भट्टीपासून तेवीस पावले. शेवटच्या दिवशी दुपारी तिने मुलीकरवी निरोप धाडला, जरा येऊन बसा. मी म्हणालो, कोळशाने पेट धरला की येतो. मी गेलो तेव्हा मुलगी तिचे डोळे मिटत होती. खांदे त्या दिवशी फार चांगले उतरले होते. ते मला आजही आठवते, आणि आठवते याचीच लाज वाटते.

त्याला सहा वर्षे झाली. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी तीन आठवडे दवाखान्यात होतो. तेवढ्यात मुलाने वेल्डरला बोलावून भट्टीत बर्नर बसवला, बाहेर प्रोपेनची टाकी ठेवली आणि गॅस साचू नये म्हणून तळाशी दोन फटी कापल्या. मला कोणी कळवले नाही. घरी आलो तर मुलीने ताट पुढे केले. मी खाल्ले, बोटे चाटली, आणि म्हणालो की पोराने कोळसा बरा सांभाळला. मुलीने घाईने ताट उचलले. मग मी अंगणात गेलो आणि मला नळी दिसली.

त्या दिवशी मी मुलाला नको नको ते बोललो. बाप मरायची वाट बघत होतास का, हेही बोललो. सगळे ऐकून तो म्हणाला,

"बर्नर मी आणलेला नाही, बाबा. आईने वेल्डरकाकांकडून करून घेतला होता, ती आजारी पडायच्या आधी. माळ्यावर ठेवला होता. म्हणायची, कधीतरी ऐकतील."

वेल्डरला विचारले. त्याने कबूल केले. तिने शपथ घातली होती म्हणे, म्हणून हा गृहस्थ इतकी वर्षे माझ्याशेजारी बसून चहा पीत राहिला आणि गप्प राहिला. मी तरीही वकिलाकडे जाऊन ते भंगाराचे मृत्युपत्र केलेच. इतका मी हट्टी आहे.

तिचे ते 'कधीतरी' आता आले, म्हणून लिहितो: भट्टी मुलाला, आहे तशी, गॅससकट. ती पुन्हा कोळशावर आणू नये.

मुलावरचा माझा राग गेलेला नाही. आई खाटेवर असताना माळ्यावर काय आहे हे त्याला ठाऊक होते, आणि तेव्हा त्याने हात लावला नाही. मी आडवा होईपर्यंत थांबला. पण तो मला भीत होता, आणि ती भीती मीच घातली होती. म्हणून हा दोष मला त्याच्या नावावर करता येत नाही. खूप प्रयत्न केला. तो माझ्याच नावावर राहील.

५. अट एकच. खांदे लावलेले असताना सुनेने घरातून हाक मारली, तर मुलाने उठून जावे. भट्टीला त्याची गरज नाही. माझीही नव्हती.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, खाडाखोड नाही, सही माझी आहे.

साक्षीदार पहिला: वेल्डर. (या खेपेस बोलला. म्हणाला, वहिनींनी वाचायला हवं होतं.)
साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई.

ठिकाण: स्वयंपाकघर, खाटेची जागा
दिनांक: चार मार्च