एकशे चारच्या बाथरूममधला दांडा

मंगळवार, १४ तारीख, दुपार

मावशी,

नमस्कार. तू कशी आहेस? गुडघा कसा आहे? दादाच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, जिना सावकाश चढत जा. मी बरी आहे. वेळेवर जेवते. आपल्या खोलीतली तुझी कॉट अजून कोणाला दिलेली नाही. मी तिच्यावर धुतलेले कपडे ठेवते, पण पसारा करत नाही.

फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. तू हॅलो हॅलो करत बसतेस आणि मी नुसती श्वास घेते. म्हणून लिहितेय. शाळा सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही. चुका दिसल्या तर हसू नकोस.

इस्त्रीवाल्या काकांनी नवे दात बसवले. ते दाखवायला दिवसभर उगाच हसतात. कालच म्हणाले, "हॉटेलला एक स्टार वाढला, मला बत्तीस!" तुझ्या जागी नवी सुपरवायझर आली. चादरीचे कोपरे तिला तुझ्यासारखे जमत नाहीत. मी तिला काही सांगितलं नाही.

हे सगळं मी उगाचच लिहितेय. मला दुसरंच सांगायचंय.

तुला आठवतं, नवीन असताना मी विचारलेलं की हे स्टार देतं कोण? तू म्हणालीस, "मालक बाजारातून आणतो आणि चिकटवतो." मला खरंच वाटलं होतं! मग मॅनेजर साहेबांनी मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. गिऱ्हाइकं नेटवर देतात ते वेगळे. पाटीवरचे मिळवायला हॉटेलनेच अर्ज करायचा. मग कमिटी येते. एक सरकारी साहेब, एक हॉटेलवाल्यांच्या संघटनेचे, एक हॉटेलचं कॉलेज असतं तिथल्या मॅडम. त्यांच्याकडे भली मोठी यादी असते. खोली टेपने मोजतात, गरम पाणी किती मिनिटांत येतं ते घड्याळ लावून बघतात. काही गोष्टींना गुण असतात, पण काही असायलाच लागतात. नसल्या तर बाकी काहीही असो, स्टार नाही. आपल्याकडे चौथ्या स्टारसाठी तेच अडलं होतं. व्हीलचेअरवाल्यांसाठी एक खोली, आणि तिच्या बाथरूममध्ये धरायला दांडा.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. प्लंबर म्हणाला मागून पाइप गेलाय, भोक पाडलं तर कारंजं उडेल, भिंत फोडायला तीन आठवडे लागतील. कमिटी तर चार दिवसांवर. मग साहेबांनी तो दांडा चिकटवून घेतला. तू ओला टॉवेल टाकून बघितलास आणि म्हणालीस, "साहेब, हा टॉवेल वाळत घालायच्या लायकीचा आहे, माणूस धरायच्या नाही. ही खोली तयार आहे असं मी सांगणार नाही." साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला उद्यापासून दोन दिवस सुट्टी. आराम करा." मी तिथेच बादली घेऊन उभी होते.

मग एकशे चारमध्ये उतरलेले आजोबा तो दांडा धरताना पडले, त्यांचं मनगट मोडलं, आणि साहेबांनी मालकांना सांगितलं की सुपरवायझरने आपल्याला कधी कळवलंच नाही. तेव्हाही मी तिथेच होते. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मग मालकांना म्हणालीस, "त्या पोरीला मध्ये ओढू नका, ती लाजरी आहे, तिच्या तोंडातून शब्द निघत नाही." तुला कामावरून काढलं तेव्हा गेटवर मला जवळ घेऊन म्हणालीस, "तू गप्प राहिलीस तेच बरं केलंस. नोकरी सांभाळ."

मावशी, मी गप्प नव्हते राहिले.

तू सुट्टीवर होतीस त्या दिवशी साहेबांनी मला एकशे चारच्या दारात उभं केलं. म्हणाले, हिला कोणी काही विचारणार नाही, विचारलं तरी ही बोलणार नाही. त्या कॉलेजच्या मॅडम आत आल्या. चष्मा डोक्यावर, हातात यादी. त्यांनी दांड्याला हात घातला. त्या ओढून बघणारच होत्या. ओढला असता तर तेव्हाच हातात आला असता. पण त्या आधी माझ्याकडे वळल्या आणि छान हसून म्हणाल्या, "बाळ, तू रोज पुसतेस ना हा? हलतो का गं?"

आणि मी म्हणाले, "नाही मॅडम. पक्का आहे."

मला कोणी शिकवलं नव्हतं. साहेब बाहेर होते. मी अडखळलेसुद्धा नाही. मॅडमनी हात काढला आणि यादीवर खूण केली.

खरी लाज पुढेच आहे. मला आनंद झाला. अनोळखी माणसाला मी एक आख्खं वाक्य बोलले होते. वर्गात धडा वाचायला उभी केली की सगळे हसायचे, त्यापायी शाळा सुटली. आणि इथे एवढ्या मोठ्या मॅडम मला "शाब्बास" म्हणाल्या. संध्याकाळी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मुकीने आज हॉटेल वाचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू सुट्टीवरून आल्यावर तुला हे सांगावंसं वाटत होतं, म्हणजे बघ.

आजोबांना उचललं तेव्हा त्यांच्या मुठीत तो दांडा तसाच होता. सोडतच नव्हते. मीच त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ते मला "थँक्यू बेटा" म्हणाले.

दादाचा मेसेज आला की तू दोन हॉटेलांत जाऊन आलीस आणि दोन्हीकडे विचारलं, म्हाताऱ्याला पाडलं ती तुम्हीच का. तेव्हापासून मला झोप नाही.

म्हणून मी एक गोष्ट केली. स्टारचं सर्टिफिकेट रिसेप्शनवर लावलंय, त्याच्या खाली कमिटीच्या ऑफिसचा पत्ता आहे. काच पुसता पुसता तीन खेपांत उतरवून घेतला. त्या मॅडमना पत्र लिहिलं. दांडा कसा बसवला, तू साहेबांना काय सांगितलंस, तुला सुट्टी का दिली आणि मी काय खोटं बोलले, सगळं. खाली माझं पूर्ण नाव आणि सही. ते काल टाकलं. तुला आज लिहितेय, कारण आधी लिहिलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी लगेच ऐकलं असतं.

कमिटी परत येईल का माहीत नाही. इस्त्रीवाले काका म्हणतात तपासणीला येतील, दिलेले स्टार काढूनही घेता येतात. आल्या तर मॅडम मला समोर उभं करतील. नोकरी जाईल, खोलीही जाईल, ते कळतंय मला. तुझी कॉट दादाकडे पाठवायची का तेवढं कळव.

मला माफ कर असं तीन वेळा लिहून खोडलं. माफी मागायचा हक्क मिळावा एवढं मी अजून काही केलेलं नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल असं लिहिणार होते. पण चालणार नाही, मावशी. शिव्या घाल, पण दे.

तुझी,
जिला तू लाजरी म्हणून पाठीशी घातलंस ती