भानूच्या कानातली ओळ

९ मार्च
मॉर्निंग ड्युटी. गारखेड्याहून पडेगावला यायला दोन रिक्षा. दुसऱ्या रिक्षावाल्यानं रस्ताभर एकच गाणं लावलेलं, वरातीतलं. घरी पोचेपर्यंत कडव्यांसकट पाठ. नको होतं.
वॉर्डात सगळ्यांना गंमत वाटते. मंदा सिस्टर, ते गाणं कोणतं हो, असं असं आहे, की मी पुढचं सांगते. कचरागाडीचं, टीव्हीवरच्या साबणाचं, पेशंटच्या फोनचं, सगळं आत. एकदा कानावर पडलं की राहिलं. गॅस बंद केला का, ते मात्र आठवत नाही.
पिंपाच्या तळाशी थोडं पाणी. टँकर काल येणार होता.

१२ मार्च
धाकटा भाऊ भानू आला. गंगापूरहून जीपनं, दारात लटकत. वाळलाय. मेंढरं निम्मी विकली. उरलेली घेऊन तो अन् बायको गोदावरीच्या अंगाला फिरतायत, तिथंही हिरवं काही नाही म्हणे. आबांच्या पायाशी बसला. आबांनी डाव्या हातानं त्याची पाठ चाचपली. लकव्यानं उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हापासून लेकरांशी बोलणं ते एवढंच.
भानूचं काम वेगळं होतं. पुढच्या महिन्यात गावची जत्रा. देवापुढं पहिली ओवी म्हणायचा मान आमच्या घराचा. गेल्या साली आबा इथं माझ्याकडं खाटेवर, कुणी म्हटलीच नाही. आता चुलत्याचा मारुती म्हणतो, भानूला ओवी येत नाही, मान आम्हाला द्या. पंच म्हणाले, यंदा भानूनं म्हणून दाखवावी. अडला तर मान मारुतीचा.
भानूचा आवाज असा की मेंढरं मान वर करतात. पण दोन ओळींपुढं तिसरी राहत नाही त्याच्याजवळ. लहानपणापासून तसाच.
लिहून देते म्हटलं.
"कागद बघून ओवी म्हनत्यात का, आक्का? फिरत फिरत म्हनायची असती."

१३ मार्च
भानूची युक्ती. कानात ब्लूटूथ, वरून फेटा. मी फोनवरून ओळ सांगायची, त्यानं उचलायची. मागचे झील धरून तीच ओळ परत म्हणतात, तेवढ्यात पुढची सांगायची.
मी नको म्हणाले. थकलेय. ड्युटी, पाणी, आबांचं अंग पुसणं. संध्याकाळी हे साइटवरून आले, तेही भानूच्या बाजूनं. भाऊ आहे तुझा, नुसतं बोलायचं तर आहे म्हणाले.
नुसतं बोलायचं.
मी शाळेत नुकती जायला लागले होते, तेव्हा आबा मला पाठीमागं बसवायचे, घोंगडीआड. अडले की खाकरायचे. मी हळूच पुढची ओळ सरकवायची. लोक आबांच्या आठवणीला हात जोडायचे. एकदा मी भरात येऊन मोठ्यानं म्हटली, तर घरी येताना म्हणाले, "मंदे, बाईमानसानं ढोलापुढं नाय म्हनायचं." रागानं नाही. दोरी जागेवर ठेव म्हणावं तसं.
तेव्हा बापाच्या पाठीमागं. आता भावाच्या कानात.
मी हो म्हणाले शेवटी. आबांकडं बघून म्हणाले, का मारुतीच्या रागानं, कोण जाणे.

२१ मार्च
सराव. भा. फोनवर, मी भांडी घासत. आबांनीच जुळवलेली ओवी, आई मेंढरांमागं चालायची त्या दुष्काळातली.

मेंढी चालली गाभण, तापला गं माळ
खांद्यावर कोकरू, कडंवर बाळ

कडंवरचं बाळ मी. भानू तेव्हा व्हायचा होता.
त्यानं उचललं तसं हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी सांगते तेव्हा ते नुसते शब्द असतात, त्याच्या तोंडून माळच उभा राहतो. हेवा वाटला, खोटं कशाला. आबा डोळे मिटून ऐकत होते.
पण "गाभण" सोडून "मेंढी चालली पुढं" म्हणाला. थांबवलं.
"एका शब्दानं काय व्हतंय?"
होतं, म्हटलं. परत म्हण.

२ एप्रिल
समोरच्या मोकळ्या रानात आणखी एक इमारत. आबांनी तिथं मेंढरं बसवलेली मला आठवतात. आता दिवसभर मशीन. मजुरांच्या फोनवर गाणी, तीही येऊन बसली डोक्यात. आज इंजेक्शन भरताना ओठ हलत होते माझे. पेशंट म्हणाला, देवाचं म्हणता का सिस्टर? हो म्हटलं. पावडरच्या जाहिरातीचं होतं.

९ एप्रिल
जत्रेच्या दिवशी सुट्टी नाही. उलट्या-जुलाबाचे पेशंट वाढलेत, कुठलं कुठलं पाणी पितात लोक. दोन सिस्टर स्वतःच आजारी. मला दुपार-संध्याकाळची ड्युटी लागली. भानूला सांगितलं. तो म्हणाला, "दवाखान्यातून सांगशील ना?"
सांगेन. चादरींच्या खोलीत उभं राहून.

१८ एप्रिल
काल जत्रा झाली. सकाळी लिहितेय, काल त्राण नव्हतं.
सूर्य कलताना फोन आला. तिकडं ढोल, इकडं मी, दार लोटून. वॉर्डात माझ्या जागी वंदना. सुरुवात सुरेख. मी पुटपुटायची, पलीकडून भानूचा आवाज यायचा, मागोमाग झील. आबांच्या पाठीमागची घोंगडी आठवली, लोकरीच्या वासासकट.
आई नदीपाशी येते तिथपर्यंत पोचलो.

नदीनं टाकलं पाणी, आटला गं झरा

एवढी सांगितली आणि वंदनानं हाक मारली. खिडकीजवळच्या आजी जिन्याकडं जाताना पडल्या होत्या. सलाइन निघालेलं, हाताला रक्त, श्वास लागलेला. फोन चादरींवर ठेवला. ठेवताना भानूचं ऐकू येत होतं, तो "झरा" लांबवत होता. वाट बघत होता माझी.
आजींना उचललं, ऑक्सिजन लावला, डॉक्टर आले. बऱ्या आहेत. माझा हात सोडत नव्हत्या. परत आले तर फोन बंद.
लावला. उचलला नाही.

१९ एप्रिल
भानूचा फोन नाही. यांनी गावात कुणाला तरी विचारू का म्हटलं. नको म्हटलं.
आजी सुधारल्या. ती ओळ मात्र सारखी डोक्यात.

नदीनं टाकलं पाणी, आटला गं झरा
डोळ्यातल्या पाण्याचा तेवढा आसरा

दुसरी ओळ त्याला द्यायची राहिली. एवढीशी. तीन शब्द आधी सांगितले असते तरी त्यानं पुढचं ओढून नेलं असतं. कदाचित.
टँकर आला. भांडणं. माझी दोनच पिंपं भरली.

२१ एप्रिल
भानू आला. तोंडावरून काही कळेना. आबांशेजारी बसला, फोन त्यांच्यापुढं धरला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ. मी उभीच राहिले.
तो "झरा" लांबवतोय. ढोलवाले एकमेकांकडं बघतायत. कडेला मारुती, हाताची घडी घालून. भानूनं फेट्याखाली हात घातला, मला वाटलं रडतोय. त्यानं कानातलं काढून मुठीत घेतलं. आणि म्हणाला,

टँकरच्या मागं मागं पळं गाव सारा

लोक आधी हसले. मग सगळ्यांनीच झील धरली, बायांनी, म्हाताऱ्यांनी. मारुतीची घडी सुटली. पुढं भानूनं थोडं माझं, थोडं मनाचं म्हणून ओवी तडीला नेली. मान राहिला.
आबांचं अर्धं तोंड हसलं. डाव्या हातानं खाटेच्या पाटीवर ठेका धरला, टँकरच्या ओळीवर. परत लाव, अशी खूण केली. परत. परत.
मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आईची ओळ गेली आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.
भानूला म्हटलं तसं.
"आक्का, लई वाट बघितली तुझी," तो म्हणाला. "तू नाय आली म्हनून आलं ते. तू असती तर नसतं आलं."
टोमणा नव्हता. जेवून गेला.

२४ एप्रिल
तीन दिवस तेच चाललंय. भानूचं बोलणं.
आज बेड आवरताना वेगळंच आठवलं. आठवलं म्हणजे होतंच. आबांनी ती ओळ दर साली तशीच कुठं म्हटली? एका साली "डोळ्यातल्या पाण्याचा", एका साली "वाटंच्या लिंबाचा तेवढा आसरा", आई गेली त्या साली तर आईचं कडवंच गाळलं, आणि मी मागून सांगत असताना ऐकलंच नाही. तिन्ही माझ्याजवळ आहेत, आवाजासकट. भानूला देताना मीच एक निवडली होती आणि तीच खरी धरून बसले. बदलायची मुभा बापाला. मला कधी वाटलंच नाही बदलावं.
एवढं सगळं साठवून मी दमलेय का, का नुसतं साठवूनच दमलेय?

३० एप्रिल
भा. चा फोन. वैशाखात पाहुण्यांच्या गावी ओव्यांची बारी आहे. कानात नको म्हणतो. तूच ये, शेजारी उभी राहा, आईचं कडवं तू म्हण.
गावकरी? म्हणाला, त्यांचं मी बघतो.
आबा? म्हणाला, त्यांना तू विचार.
विचारलं. भाकर चुरून भरवता भरवता. आबा, मी ढोलापुढं म्हटलं तर चालंल का? चावायचे थांबले. माझ्याकडं बघत राहिले, डोळ्यात काय होतं कळेना. पाणी तर हल्ली नेहमीच असतं. मग तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी.

४ मे
इव्हिनिंगसाठी निघायचंय. भानूला अजून कळवलेलं नाही. रजेचंही बोलले नाही.
दुपारी आबांचं अंग पुसताना तोंडात एक ओळ आली. कुठली म्हणून शोधली. रिक्षातली नाही, टीव्हीवरची नाही, आबांची नाही, भानूची नाही. सगळीकडं बघितलं. कुणाकडूनच ऐकलेली नाही.

ओल्या फडक्यानं पुसते बापाचा हात

मोठ्यानं म्हटली. आबांचा डावा हात खाटेवर आपटला, एकदा. आणि तसाच वर राहिला, पुढच्या ओळीसाठी.
मी फडकं पिळत उभी. दुसरी ओळ काही अजून सापडलेली नाही.